नळीचं दुसरं टोक

"धर नीट," आशा म्हणाली, आणि नळीचं टोक तिने स्वतःच भिंतीतल्या खिळ्याला सुतळीने बांधलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. स्टुलावरून उतरून ती समोरच्या भिंतीशी गेली. पारदर्शक नळी, आत नीळ घातलेलं पाणी. दोन्ही टोकांत पाणी जिथे थांबेल तिथे खुणा करायच्या, म्हणजे वरची फळ्यांची मांडणी सरळ बसते. काम दोन माणसांचं. एकाने धरायचं, दुसऱ्याने बघायचं. आशा इकडे बघायची, मग तिकडे जाऊन स्टुलावर चढायची, तोवर इकडचं पाणी हललेलं असायचं.

"अजून वर. अरे, एवढं नको. जरा खाली. बस्स!"

बोलल्याशिवाय तिला काम सुधरत नसे.

अंबडच्या कारखान्यात तिने उभं आयुष्य लाकडी पेट्या ठोकल्या. नोकरी संपली, तशी देवळाली गावात बापाच्या घरी राहायला आली. घरी म्हणजे अर्ध्या घरी. जुना गिलावा तिने स्वतः खरवडला, फरशा स्वतः बसवल्या. जिथे आईची चूल होती तिथे आता कामाचं टेबल येणार होतं. पाट करायचे, चौरंग करायचे. ठोकठोक चालू असली की घर नांदतं वाटतं.

उरलेलं अर्धं घर धाकट्या भावाचं, दत्तूचं. बाप गेल्यावर आशाने आपला वाटा सोडून सही करून द्यावी, असं त्याला वाटलं होतं. सगळ्यांच्या बहिणी देतात. तिने दिली नाही. दत्तू भांडला नाही. बापासारखा तोही गवंडी. त्याने गुपचूप मधोमध भिंत घातली. वरचा हातभर भाग तेवढा उघडा ठेवला. विटा संपल्या म्हणे. एकाच घराची दोन दारं दोन गल्ल्यांत उघडू लागली. राखी थांबली, भाऊबीज थांबली. आशाला अर्धं घर मिळालं. माहेर भिंतीपलीकडे राहिलं.

त्या हातभर फटीतून ते माहेर रोज तिच्याकडे यायचं. कुकरची शिट्टी यायची. लसणाची फोडणी यायची. टीव्हीचा गलका यायचा आणि त्यात मिसळलेले बायकांचे आवाज. शब्द कळत नसत, चढउतार कळत. कुणी रागवायची, कुणी रडायची, एखादं पोर खळखळून हसायचं. भावजय मनीषा असेल, सून असेल, नातवंडं असतील. एकदा आशाने मेथीची भाजी जास्तच केली. वाटी भरली, झाकली, भिंतीकडे बघत बसली आणि शेवटी आपणच खाल्ली. भरल्या घरात आपली वाटी कुणाला हवी? गल्लीत तिने कुणाला काही विचारलं नाही. कुणी काही सांगितलंही नाही.

सगळा दिवस ती हातोडीशी बोलायची, करवतीशी बोलायची, आणि जो तिथे नव्हता त्याच्याशी बोलायची.

लहानपणी अशीच नळी ती आणि दत्तू धरायची. बाप मधे उभा राहून ओरडायचा, "अंगठा सोडू नका रं, पाणी सांडंल!"

आज मधल्या भिंतीच्या माथ्याशी, फटीलगत ठोकलेल्या खिळ्याची सुतळी सुटली.

टोक फटीतून घसरलं आणि पलीकडे पडलं. नळी सळसळत वर निघाली. हातातलं निळं पाणी भराभर उतरलं. आशाने घाईने नळी ओढली. ती आली नाही. अडकली असेल म्हणून तिने झटका दिला.

पलीकडून कुणीतरी तेवढाच झटका दिला.

"अंगठा लाव आधी, आक्का," दत्तूचा आवाज आला. "सगळं पाणी माझ्या घरात सांडलं."

आक्का. हा शब्द या घरात कुठल्या कोनाड्यात पडून राहिला होता इतकी वर्षं? आशाने अंगठा लावला.

"तुझा गडी कुठं गेला?" दत्तू म्हणाला.

"कोण गडी?"

"रोज ज्याच्यावर ओरडत असती तो. धर, सोड, वर घे, अक्कल हाय का तुला. लय गरीब दिसतो बिचारा, एकदाबी उलटून बोलला नाय. मी म्हणायचो, चला, आक्काला सोबत हाय."

आशाला हसू आलं. गडी आज आला नाही, एवढं म्हटलं की भागलं असतं. पलीकडे भरलं घर ऐकत असणार. त्यांच्यासमोर आपली रिकामी खोली कशाला उघडी करायची? तिने नळीवरचा अंगठा आणखी दाबला.

"गडी नाही रे, दत्तू. एकटीच बोलते मी."

पलीकडे एक बाई तेवढी गळा काढून रडत होती.

मग बोर्डावरचं टीव्हीचं बटण खट्‌ वाजलं आणि ती बाई हुंदक्याच्या मधेच तुटली. रागावणारी थांबली. हसणारं पोर थांबलं. आशा कान देऊन उभी राहिली. भांडं वाजलं नाही, बांगडी वाजली नाही, पाऊल वाजलं नाही. सगळं भरलं घर एका बटणासरशी रिकामं झालं.

"मनीषा पोराकडं पुण्याला असती, दिवाळीपासून," दत्तू म्हणाला. नळी पलीकडून हलकेच ताणली गेली. "बोल तू, आक्का. मी धरलंय."