बाबलकाकांच्या पोटाची ऊब

पाडवा परवावर आला तरी दक्षिण ध्रुवावरच्या तळावर श्रीखंडासाठी दही लागेना. वीज जपायची म्हणून इथे हीटर नव्हते; सगळे गोळी घेत. ती चरबीच्या पेशींच्या केंद्रकात बसलेल्या ग्राही रेणूंना जागं करी, त्यांच्या इशाऱ्यावर चरबी जाळणारी जनुकं कामाला लागत आणि अंग तापे. आता बहुतेकांची चरबीच संपत आली होती.

गुबगुबीत उरले होते ते फक्त आचारी बाबलकाका. “काका, जेवण अर्धं करा,” डॉक्टर वृंदाताई त्यांना रोज बजावत.

काका विरजणाचं पातेलं पोटाशी धरून दिवसभर बसले. दही घट्ट लागलं.

पाडव्याला वृंदाताईंनी काकांना दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं.

“अर्धं जेवायचं ना?” काकांनी विचारलं.

“पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे,” त्या म्हणाल्या. “मला कढी आवडते.”