मर्ल पुढे आहे

"माझ्या यादीत तुमचं नाव नाही, मर्ल," आजच्या सहलीचा म्होरक्या ग्रँट म्हणाला.

"यादी तुझी आहे बाळा, डोंगर नाही," मर्ल म्हणाली आणि बुटांचे तळवे घासायच्या ब्रशवर तिने दुसरा पाय ठेवला. बाहेरची माती राष्ट्रीय उद्यानात न्यायची नाही, हा टास्मानियातल्या या डोंगरांचा नियम. तो तिने आजवर कधी मोडला नव्हता.

पदभ्रमण मंडळाची बाकीची दहा माणसं गाड्यांपाशी उभी राहून सॅकचे पट्टे उगाच आवळत होती. गेल्या महिन्यात समितीने ठराव केला होता, की पंचाहत्तरीपुढच्यांनी फक्त सोप्या वाटा चालायच्या. सोपी वाट म्हणजे तळ्याभोवतीचा सिमेंटचा रस्ता आणि शेवटी चहा. मर्ल शहात्तर वर्षांची होती. आज मुकाट्याने गाडीत बसलो तर जन्मभर बसूनच राहू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या ठरावाने तिच्या अंगाची लाहीलाही झाली होती.

"अहो, पण तुमचा गुडघा..."

"गुडघ्याने तुझ्याकडे तक्रार केलीय का?"

वाटेच्या तोंडाशी लाकडी पेटीत नोंदवही होती. नाव काय, कुठे जाणार, परत कधी येणार, हे लिहून मगच आत शिरायचं, म्हणजे हरवलेल्याला कुठे शोधायचं ते कळतं. मर्लने स्वतःचं नाव ठळक अक्षरात लिहिलं. पुढे लिहिलं, 'वरची खिंड'. परतीच्या रकान्यात लिहिलं, 'आजच, पायी'.

"मी तुमच्याबरोबर येत नाहीये. मी माझी माझी चाललेय," ती म्हणाली आणि निघाली.

ग्रँटने तिला जाऊ दिलं. पाच मिनिटांत गाठू आणि मागे टाकू, असा त्याचा हिशेब होता. तिथेच तो फसला.

कारण पुढे दोन तास सगळी दलदल. तिच्यावरून दोन फळ्यांची लाकडी वाट गेलेली, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. दोन्हीकडे शेवाळ आणि गवताचे झुबके. फळी सोडून पाय टाकायचा नाही, एकदा तुडवलेलं झुडूप पुन्हा उभं राहायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. हे ग्रँट प्रत्येक सहलीत सगळ्यांना बजावून सांगायचा. आता पुढे मर्ल, मागे ग्रँट आणि त्याच्यामागे दहा जण, अशी वरात मुंगीच्या पावलांनी निघाली.

"मर्ल, जरा बाजूला होता का? आम्ही पुढे जातो."

"होते की. कुठे होऊ तेवढं सांग."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ग्रँटने डावीकडचं शेवाळ पाहिलं, उजवीकडचं पाहिलं आणि तिच्यामागे पुढचं पाऊल टाकलं.

मर्लचा गुडघा दर पावलाला ठणकत होता. तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. तसाही तो कोणाला दिसत नव्हता. दलदल संपायला आली तेव्हा ओल्या फळीवरून तिचा पाय सटकला आणि ती दोन्ही हातांवर पडली. तळवा सोलवटला.

"झालं?" ग्रँट वाकून म्हणाला. आवाजात काळजी होती, पण सुटल्याचा आनंद त्याहून जास्त होता. "आता तरी ऐका. डेसमंड तुम्हाला गाडीपर्यंत सोडेल."

डेसमंड मागे उभा होता. तो लगेच चष्मा पुसायला लागला.

मर्ल काठीच्या आधाराने उठली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखण्याचं कमी आणि रागाचं जास्त.

"माझ्याबरोबर कोणाला यायचं असेल," ती म्हणाली, "तर त्याने वरच्या दिशेला तोंड करून यावं."

फळ्या संपल्या आणि खिंडीखालचा खडकाळ चढ लागला. इथे वाट पाहिजे तेवढी रुंद होती. "चला, सुटलो एकदाचे!" म्हणत ग्रँट ढांगा टाकत मर्लच्या पुढे निघून गेला. वीसेक पावलं चढल्यावर त्याने मागे पाहिलं. लॉर्ना बुटाची नाडी बांधत होती. डेसमंड खिशातले बदाम एकेक करून खात होता. बाकीचेही काही ना काही करत होते. मर्ल मात्र चढत होती आणि त्यांच्यातला एकही जण तिच्या पुढे जात नव्हता.

ग्रँट काहीतरी ओरडणार तेवढ्यात पश्चिमेकडून धुकं उतरलं. हा हा म्हणता माणसं दिसेनाशी झाली. धुक्यात मंडळाचा एकच शिरस्ता. जिथे असाल तिथे थांबायचं आणि मोजणी करायची. जो म्होरक्या त्याने 'एक' म्हणायचं, मग वाटेवरच्या क्रमाने ज्याने त्याने आपला आकडा पुकारायचा. सगळे आकडे भरल्याशिवाय कोणी पाऊल उचलायचं नाही.

"मोजणी!" ग्रँट ओरडला आणि त्याने श्वास घेतला.

"एक!" मर्लचा आवाज आला.

मग नुसता वारा. मर्ल काठीवर रेलून उभी राहिली. आपण हे काय बोलून बसलो, असं तिला क्षणभर वाटलंही. पण ते परत घ्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"दोन," डेसमंड म्हणाला.

"तीन!" ही लॉर्ना, चांगली खणखणीत.

चार आला. पाच, सहा, सात आले. आठवा खोकला आणि मग म्हणाला. नऊ, दहा. अगदी खालून अकरा आला.

पाय हलवायला कोणी तयार नव्हतं.

"ग्रँट," लॉर्नाने हाक मारली, "एक माणूस कमी भरतंय रे."



"बारा," ग्रँट म्हणाला.