अण्णांची मोटार

नंदकुमारच्या घरी मोटार होती खरी, पण घाई असली की घरचे चालत जात. वडिलांची, म्हणजे अण्णांची ती जुनी मोटार ताशी वीस मैलांच्या पुढे वेगच घेत नसे. म्हणून तर लग्नापासून त्यांनी आईला एकदाही तिच्या माहेरी, नाशिकला नेलं नव्हतं. "कसाऱ्याच्या घाटातच जीव सोडेल गं बिचारी," असं म्हणून ते बॉनेटवरून हात फिरवत.

हीच मोटार शर्यतीत पळवून अण्णांची मान ताठ करायची, असं नंदकुमारने ठरवलं. "नको रे, म्हातारीला छळू नकोस," अण्णा काकुळतीला आले. केवढी ही माया, असं वाटून नंदकुमार आणखीच इरेला पेटला. त्याने इंजिन दोनदा खोललं, दोनदा जोडलं आणि दोन्ही वेळा मूठभर स्क्रू उरले. वेग मात्र तसूभर वाढला नाही. शेवटी पाना हातातून निसटून ड्रायव्हरच्या सीटपुढे पडला, तो काढायला वाकल्यावर या हुशार माणसाला ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली ठोकून बसवलेला लाकडी ठोकळा दिसला.

ठोकळा निघाला आणि जुहूच्या धावपट्टीवरच्या शर्यतीत मोटार अशी सुटली, की नंदकुमार "वाचवा!" ओरडत पहिला आला.

"अण्णा, एवढ्याशा ठोकळ्याने अडलं होतं! कुठल्या गाढवाने ठोकला असेल हो?"

अण्णा आभाळाकडे बघू लागले. आईने ठोकळा हातात घेऊन निरखला.

"हा माझ्या रुखवतातल्या पोळपाटाचा हरवलेला पाय. अहो, बसा मोटारीत. नाशिकला जायचंय."