कामगिरी शून्य

'वाचवलेल्या व्यक्ती' या रकान्यात जितेंद्रने शून्य लिहिलं होतं. साहेबांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिलं.

"शून्य? मग वर्षभर केलंत काय?"

"कोणाला बुडू दिलं नाही, साहेब."

"ते कागदावर कुठे दिसतं?"

साहेबांचंही बरोबरच होतं. किनाऱ्यावरच्या सरकारी जीवरक्षकांची पगारवाढ यंदापासून कामगिरीवर ठरणार होती, आणि कामगिरी म्हणजे पाण्यातून ओढून काढलेली माणसं. जितेंद्र पडला मूर्ख. ओहोटीला जिथे पाणी शांत दिसतं, तिथेच ते माणसाला आत खेचतं, हे त्याला ठाऊक. तिथे तो सकाळीच लाल बावटा रोवायचा आणि दिवसभर शिट्ट्या फुंकून पर्यटकांना घोटाभर पाण्यातूनच परत हाकलायचा. वर त्यांच्या शिव्या खायचा. शिव्यांना गुण नव्हते.

पलीकडच्या किनाऱ्यावरचा दत्तप्रसाद मात्र कर्तबगार. तो सुरूच्या सावलीत मोबाइल बघत लोळायचा आणि बोंब उठली की उडी घ्यायचा. वर्षात अकरा जीव वाचवले पठ्ठ्याने. बारावा हाती लागला नाही, पण त्याच्यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता. दत्तप्रसादला पगारवाढ मिळाली, शिवाय शाल-श्रीफळ.

साहेब तसे मनाचे मोठे. शनिवारपर्यंत निदान एक तरी माणूस दाखवा, म्हणजे फॉर्म बदलून घेतो, असं त्यांनी जितेंद्रला सांगितलं.

जितेंद्र तोंड पाडून किनाऱ्यावर परतला. लेकीला, अक्षयाला, कणकवलीला नर्सिंगला घालायचं ते या वाढीच्याच भरवशावर ठरलं होतं. घरी काय सांगायचं, या विचाराने त्याला रडू येत होतं.

शहाळी विकणाऱ्या हौसाबाईने त्याला बाकड्यावर बसवलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. म्हातारी सत्तरीची. जितेंद्रने हाकललेली माणसं तणतणत तिच्याकडेच शहाळं प्यायला येत, म्हणून तिचा त्याच्यावर जीव. आता त्यात स्वार्थ किती आणि माया किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने हातातला कोयता खाली ठेवला. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली.

"उद्या सकाळी मी बुडतलंय," ती हळूच म्हणाली. "तू माका भायर काढ. पण बेगीन काढ रे बाबा, माका पोवाक येणा नाय."