बंद कपाटातला सूक्ष्मदर्शी

"कुलूप गंजलंय गं," पुराणिक सर म्हणाले.

"तेल आणलंय, सर," मी म्हटलं.

तालुक्यातल्या चाळीस विज्ञान शिक्षकांचा गट मी दोन वर्षं खपून बांधला होता. नियम एकच: दर महिन्याला एका शाळेत जमायचं, तिथलं बंद कपाट उघडायचं आणि पहिला प्रयोग यजमान शिक्षकाने करायचा. सर पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते, म्हणून ही शाळा मी मुद्दाम आधी घेतली. इथेच, आठवीत असताना मी सूक्ष्मदर्शी बघायला मागितला, तेव्हा ते म्हणाले होते, "काच फोडशील. आकृती पाठ कर, तेवढं पुरे."

सूक्ष्मदर्शी अजून थर्माकोलमध्येच होता. सरांनी कांद्याचा पापुद्रा ठेवून डोळा लावला.

"अंधारच दिसतोय."

खालचा आरसा उजेडाकडे वळवायचा राहिला होता.

"आकृती आठवा ना, सर."

नेत्रिका, नळी, वस्तुभिंग, आरसा... त्यांनी सगळी नावं बिनचूक म्हटली. बोट मात्र हवेतच थांबलं. चाळीस जण बघत होते.

"तूच लाव गं," ते हळूच म्हणाले.

मी हात पाठीमागे बांधले. "नको, सर. काच फोडेन."