पाऊण खडू

"बाई, पण उलटा का करायचा?" शेवटच्या बाकावरून विभागप्रमुखांनी विचारलं.

फळ्यावर लिहीत असलेली ती वळली. शिक्षणशास्त्र विभागात अंतिम पाठाच्या दिवशी एक रीत होती. शिकवणारी एकटीच बाई, बाकीचे सगळे भावी शिक्षक सहावीतली मुलं. दाढीवाले, लग्न झालेले, एक तर दोन लेकरांचा बाप, सगळे बाकांत स्वतःला कोंबून बसायचे आणि खोडरबरावरून भांडायचे. परीक्षकानेही घंटा होईपर्यंत मूलच व्हायचं. परीक्षक म्हणजे विभागप्रमुख सर, आणि ते या कामात पटाईत होते. मागच्या वर्षी त्यांनी पेन्सिल हरवलेल्या मुलाचं सोंग असं वठवलं की शिकवणारा धडा सोडून बाकाखाली शिरला. त्या बिचाऱ्याला पाठ पुन्हा द्यावा लागला होता.

तिचा तर हा पुन्हाचाच पाठ होता. पहिल्या वेळी घाबरून ती इतकी भरभर बोलली की निम्म्या वेळात सगळं संपलं. तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'सुसाट' पडलं. या वेळी घसरली तर वर्ष वाया जाणार होतं. घराजवळच्या शाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण तेही काही वर्षभर वाट बघत बसणार नव्हते.

"नियम आहे तो," ती म्हणाली. "अपूर्णांकाने भागायचं असेल तर तो उलटा करायचा आणि गुणायचं."

"ते मला येतं, बाई. पण का?"

पुढच्या बाकावरचा दाढीवाला खुसखुसला. सरांनी आज ढ मुलगा घेतला होता तर.

तिच्या टाचणात या 'का'ला जागाच नव्हती. टाचणाप्रमाणे आता शाब्दिक उदाहरणं, मग उजळणी, मग घरचा अभ्यास. 'नंतर सांगते' म्हणून पुढे सटकता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण शेवटच्या बाकावरचा चेहरा खरोखरच अडलेल्या पोराचा दिसत होता. सोंग असेल, पण असल्या चेहऱ्याला 'नंतर' म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

तिने खोक्यातून तीन खडू काढले आणि टेबलावर ठेवले.

"एकेका मुलाला पाऊण खडू द्यायचा. किती मुलांना पुरतील?"

"तीन मुलांना. आणि थोडाथोडा उरेल."

"उरलेल्याचं काय करायचं?"

सरांनी डोकं खाजवलं. दाढीवाल्याने उत्तर देण्यासाठी हात वर केला, तो तिने नजरेनेच खाली घ्यायला लावला. "तू ये इकडे," ती सरांना म्हणाली. तोंडातून 'तू' गेल्यावर कान तापले, पण आता माघार नव्हती.

सर आले. तिने एकेका खडूचे चार-चार तुकडे करायला सांगितले. ते वाकून, जीभ किंचित बाहेर काढून तुकडे करू लागले. एक खडू भलताच मोडला. तिने दुसरा दिला. टेबलावर बारा तुकडे झाले.

"चारने गुणलंस," ती म्हणाली. "आता एका मुलाचे किती?"

"तीन तुकडे."

"मग तीन-तीनचे ढीग कर."

चार ढीग झाले. सर त्यांच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, वेळ जातोय. फळ्याचा उजवा भाग कोरा होता. तिथे शाब्दिक उदाहरणं यायची होती. तरी तिने घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"म्हणजे बाई," सर हळूच म्हणाले, "उलटं असं काही करतच नाही आपण. आधी तुकडे करतो, मग वाटतो."

घंटा झाली.

एरवी घंटा झाली की ते ताडकन परीक्षक व्हायचे आणि बोटांवर चुका मोजायचे. आज त्यांनी "हा एक घेऊ का?" एवढंच विचारलं, एक तुकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि निघून गेले.

"काहीच बोलले नाहीत?" दाढीवाल्याने विचारलं. मग तो तिला टेबलावरचा खडूचा चुरा पुसायला मदत करू लागला. आईचा फोन आला. "निकाल फळ्यावर लागेल गं," ती म्हणाली. "आणि हो, जेवले," असं खोटंही सांगून टाकलं.

फळा म्हणजे कॉरिडॉरमधला बातम्यांचा फळा. ऑफिसातले काका त्यावर सुबक अक्षरात विभागाच्या बातम्या लिहायचे. त्यांना सरांची ताकीद होती, बातमी म्हणजे काल नव्हतं आणि आज आहे ते, बाकी सगळी जाहिरात. मागे काकांनी सरांच्याच सत्काराची बातमी लिहिली, तर सरांनी ती स्वतः ओल्या फडक्याने पुसली होती.

संध्याकाळी ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. ग्रंथालय शनिवारी बंद. शिष्यवृत्तीच्या अर्जांना मुदतवाढ. त्याखाली अंतिम पाठाचा निकाल, आणि तिच्या क्रमांकापुढे 'उत्तीर्ण'.

तिने पुन्हा वाचलं. मग आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग शंका आली.

"काका, चूक तर नाही ना झाली? माझा पाठ अर्धाच झाला होता. सर मुद्दाम ढ मुलगा झाले होते, आणि मी त्यांच्यातच अडकले."

काका हात पुसत हसले. "खालची बातमी वाच. ती मी लिहिलेली नाही. सर स्वतः येऊन लिहून गेलेत, खिशातल्या खडूने."

ती वाकली. अगदी तळाशी, जरा तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

'आयुष्यभर शिकवलेला अपूर्णांकांचा भागाकार विभागप्रमुखांना आज समजला. इच्छुकांनी कार्यालयीन वेळेत विचारून खात्री करून घ्यावी.'