मागे बसायची अक्कल

"हेल्मेट दे," वेदिका म्हणाली. "आज अप्पांच्या मागे मी बसते."

श्यामलाबाईंच्या हातातला कॉफीचा पेला ओठांपाशीच थांबला. गांधी बझारातल्या दर्शिनी हॉटेलासमोर, फुटपाथला लागून, त्यांची येझदी मोटारसायकल उभी होती. लग्नाच्या वर्षी घेतलेली. दर रविवारी सकाळी नवराबायको चामराजपेटहून तिच्यावर बसून निघत, बसवनगुडीत एक चक्कर मारत आणि इथे उभ्याने कॉफी पिऊन घरी जात. एवढंच. पण एवढ्याशासाठी उमाकांतराव आठवडाभर गाडी पुसत. सिग्नलला कुणी ना कुणी कन्नडमध्ये विचारायचंच, "याव मॉडेल, सार?" आणि सार नुसते हसायचे, साल मागून श्यामलाबाई सांगत.

आज लेक के. आर. पुरमहून मुद्दाम आली होती. उमाकांतरावांचा उजवा कान गेल्यातच जमा आहे आणि डावाही त्याच वाटेवर आहे, असं गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते. कानातलं मशीन हेल्मेटखाली शिट्टी मारतं, म्हणून गाडीवर बसताना ते खिशात जाई.

"एक राउंड मारते," वेदिका म्हणाली. "अप्पांना ट्रॅफिकचा अंदाज येतोय असं वाटलं तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर चावी मी घेऊन जाणार. आई, मी सीरियसली बोलतेय."

"मी बसते की दर रविवारी. मला कधी भीती वाटली नाही."

"तुला अप्पांच्या बाबतीत कधी काय वाटलंय?"

आपलीच पोर, आपल्याला पुरती ओळखून होती. श्यामलाबाईंनी हेल्मेट दिलं. मग राहवेना म्हणून म्हणाल्या, "सीटच्या मागचं हँडल धर हं. त्यांच्या खांद्याला हात लावू नकोस."

"का?"

"गुदगुल्या होतात त्यांना."

वेदिकाने हेल्मेटचा पट्टा आवळला.

उमाकांतरावांच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. लेक मागे बसतेय म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. ज्या दांड्याने किक मारायची तोच वळवून गिअरचा करायचा, ही त्या गाडीची तऱ्हा. त्यांच्या पायाने ते झोपेतही केलं असतं. निळा धूर सोडत येझदी निघाली.

श्यामलाबाई फुटपाथवर उभ्या राहून ऐकत होत्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चढत गेलं. आता दुसरा, त्या मनात म्हणाल्या, आणि त्यांचा डावा हात आपोआप उचलला गेला. गिअर पडला नाही. इंजिन ओरडायला लागलं, लोक वळून बघायला लागले, तेव्हा कुठे पडला.

पुढे गतिरोधक आला. गाडी उडाली आणि वेदिकाने घाबरून बापाचा उजवा खांदा धरला. उमाकांतरावांनी लगेच वेग कमी करून गाडी डावीकडे घेतली, थेट फुलवाल्यांच्या ओळीला चिकटून. "अज्जा, स्वल्प नोडी," जरा बघून चालवा, अशा सुरात एक फुलवाली म्हणाली आणि तिने शेवंतीची टोपली मागे ओढली. गाडी पुन्हा रस्त्यावर आली. वेदिकाने खांदा आणखी घट्ट धरला. गाडी पुन्हा डावीकडे.

श्यामलाबाई फुटपाथच्या कडेपर्यंत पुढे सरकल्या. लेक पडेल ही भीती नव्हती, एवढ्या हळू चाललेल्या गाडीवरून कुणी पडत नाही. पण हा शेवटचा रविवार, हे त्यांना कळून चुकलं. आणि वाईट वाटलं ते नवऱ्यापेक्षा स्वतःसाठीच जास्त.

चक्कर मारून गाडी परत आली. इंजिन बंद होताच वेदिकाने चावी काढून मुठीत घेतली. ती काही बोलणार तोच उमाकांतरावांनी हेल्मेट काढलं आणि सगळ्या दर्शिनीला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला म्हणाले, "हिला मागे बसायची अक्कल नाही. मागे चिटपाखरू नसताना सारखी सांगतेय, मोठी गाडी आली, मोठी गाडी आली. आणि गिअरचं एकदा सांगेल तर शपथ."

एवढं बोलून ते कॉफी सांगायला आत गेले.

वेदिका हेल्मेट काढत आईजवळ आली.

"उजवा खांदा म्हणजे काय, आई?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मागून मोठी गाडी येतेय, डावीकडे घ्या."

"आणि डावा?"

"गिअर बदला."

"हे कधी ठरवलंत?"

"ठरवलं नाही गं. त्यांना ऐकू येईनासं झालं, तसं होत गेलं. इंजिनचा आवाज काय, इतकी वर्षं मीही ऐकतेच आहे."

"म्हणजे अर्धी गाडी तू चालवतेस."

"स्वल्प," श्यामलाबाई म्हणाल्या.

वेदिकाला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मूठ उघडून तिने चावीकडे पाहिलं आणि ती परत गाडीला लावली. "अप्पांनी एकट्याने गाडी काढायची नाही पण. हे त्यांना तू सांगायचं."

"मला सोडून ते कुठे जाणार आहेत?"

आतून उमाकांतराव तीन बोटं वर करून विचारत होते, तिघांना ना? श्यामलाबाईंनी मान हलवली.

"आई, मघाशी तुम्ही दोघं येताना मी इथूनच बघत होते," वेदिका म्हणाली. "तुझे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर होते. दोन्ही म्हणजे काय?"

श्यामलाबाईंनी ओढणी सारखी केली. "ते काही नाही. पुढेमागे रस्ता मोकळा असला की ठेवते."

"हो, पण म्हणजे काय सांगतेस?"

"तेव्हा काही सांगायचं नसतं."